खिडकीवर रुमाल कुणाचा?

विमानातल्या सगळ्यांचं तिकीट दिसायला सारखंच. मग एकाला पुढच्या रांगेतली खिडकी फुकट आणि दुसऱ्याला मागची मधली सीट, हे ठरवतं कोण?

पुसेगाव म्हटलं की पुण्यातले मित्र लगेच विचारतात, ‘सेवागिरी महाराजांची यात्रा भरते तेच ना?’ नाही भावांनो, ते साताऱ्याचं. मी सांगतोय ते पुसेगाव हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. माझ्या मावशीचं गाव. उन्हाळ्याच्या सुट्ट्या तिथं गेल्या आणि ‘सीट सिलेक्शन’ नावाचा विषयही मी त्याच वाटेवर शिकलो. हिंगोलीच्या स्टँडवर एसटी फलाटाला लागायच्या आत धावायचं, खिडकीतून रुमाल आत टाकायचा आणि मग निवांत दारातून चढायचं. रुमाल पडला ती जागा आपली. कुणी उचललाच तर भांडण, आणि भांडणाचा निकाल कंडक्टर देणार.

एसटीत ‘स्टेटस’सुद्धा होतं बरं का. खिडकीच्या वर रंगवलेलं असायचं. आमदारांसाठी राखीव, स्वातंत्र्यसैनिकांसाठी राखीव, अपंगांसाठी, पत्रकारांसाठी, महिलांसाठी. आमच्या गाडीत आमदार काही कधी चढले नाहीत, त्यामुळे ती सीट ज्याचा रुमाल त्याची. पण मुद्दा असा, की कुणाचा हक्क आधी आणि कुणाचा नंतर हे भिंतीवर लिहिलेलं होतं. सातवीतलं पोरगंही ते वाचून एखाद्या काकाला उठवू शकायचं.

विमानातही राखीव जागा असतात. फक्त त्या भिंतीवर लिहिलेल्या नसतात.

हे कळलं माझ्या मावसभावामुळे. त्यानं नांदेडला इंजिनिअरिंग केलं, बंगळुरूला नोकरी लागली, आणि वर्षभरानं आईबापाला विमानातून न्यायचं असं त्यानं ठरवलं. नांदेडहून थेट विमान त्या तारखेला जमेना, म्हणून हैदराबादपर्यंत रेल्वे आणि पुढं विमान. तीन तिकिटं, एकच बुकिंग. पैसे भरताना सीटचा नकाशा समोर आला. काही चौकोन राखाडी, त्यावर फुली. बाकीच्या जवळपास प्रत्येक चौकोनावर एक आकडा. साडेतीनशे, पाचशे, पुढं हजाराच्या वर. तिघांचे मिळून हजार-दीड हजार रुपये नुसते बसायच्या जागेचे? तिकीट काढलंय म्हणजे उभं राहून थोडंच नेणार आहेत, असा सरळ विचार करून त्यानं खाली बारीक अक्षरात असलेलं ‘स्किप’ दाबलं.

मिळालेल्या जागा अशा: तो चौदाव्या रांगेत, काका सत्ताविसाव्या, आणि मावशी बाविसाव्या रांगेत मधली सीट. दोन अनोळखी पुरुषांच्या मधे. मावशीला हिंदी समजतं, बोलता येत नाही. पट्टा लावता येईना तर शेजारच्यानं लावून दिला. खिडकीशी बसलेल्यानं विमान सुटायच्या आत झडप खाली ओढली आणि तो झोपला. आयुष्यातला पहिला विमानप्रवास, आणि ढग दिसले नाहीत. घरी आल्यावर मावशी एवढंच म्हणाली, ‘काय दिसंना की बाप्पा. आगगाडीतच बरं होतं.’

कंपनीचं नाव घेत नाही, कारण हा एका कंपनीचा विषयच नाही.

आता गणित बघू. आपल्याकडच्या देशांतर्गत मार्गांवर सगळ्यात जास्त दिसणारं विमान म्हणजे एअरबस ए-३२० जातीचं. मधे वाट, दोन्ही बाजूंना तीन-तीन सीट. १८० सीटचं विमान धरलं तर ३० रांगा. म्हणजे ६० खिडक्या, ६० वाटेकडच्या, आणि ६० मधल्या. विमान भरलं तर दर तिघांतल्या एकाला मधे बसावंच लागणार. ही साठ माणसं कोण, हा खरा प्रश्न. लॉटरी काढली तर तुमची-माझी-टाटांची शक्यता सारखीच. पण लॉटरी निघत नाही. रांग लागते, आणि त्या रांगेत विमान कंपनीचे ‘निष्ठावंत’ सगळ्यात पुढं असतात.

राजकारणात निष्ठावंतांची कायम तक्रार असते की तिकीट उपऱ्याला मिळालं. इथं उलटं. निष्ठावंताला तिकीट तर मिळतंच, वर खिडकीही.

या निष्ठेचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकन एअरलाइन्सनं १ मे १९८१ रोजी ‘एअॅडव्हांटेज’ हा कार्यक्रम सुरू केला. कल्पना साधी होती: आमच्याच विमानानं उडा, मैल जमवा, पुढं फुकट तिकीट घ्या. आपल्याकडे नव्वदच्या दशकात खासगी विमान कंपन्या आल्या आणि एअर इंडियाचं ‘फ्लाइंग रिटर्न्स’, जेट एअरवेजचं ‘जेटप्रिव्हिलेज’ अशी नावं ऐकू यायला लागली. किंगफिशरचं ‘किंग क्लब’ होतं. २०१२ मध्ये किंगफिशर थांबली, १७ एप्रिल २०१९ रोजी जेटचं शेवटचं विमान उडालं. कंपनीवर तुम्ही निष्ठा ठेवावी, पण कंपनी तुमच्यासाठी टिकेलच असं नाही. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा ‘क्लब विस्तारा’च्या सदस्यांचं खातंही तिकडं गेलं. एअर इंडियाच्या कार्यक्रमाचं आताचं नाव ‘महाराजा क्लब’. पायऱ्या चार: रेड, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. देशातल्या प्रवाशांपैकी ६० टक्क्यांहून जास्त जण ज्या इंडिगोनं उडतात, ती कंपनी कित्येक वर्षं या भानगडीत पडलीच नव्हती. २०२४ मध्ये तिनंही ‘ब्लूचिप’ आणलं आणि त्यातही पायऱ्या आल्या.

पायरी चढल्यावर मिळतं काय? जादा सामान, लाउंज, आधी बोर्डिंग हे सगळ्यांना माहीत आहे. पण रोजच्या प्रवासात सगळ्यात जास्त जाणवणारा फायदा म्हणजे सीट. आणि इथं ‘कुठली सीट’ इतकाच ‘कधी निवडता येते’ हा प्रश्न महत्त्वाचा.

युनायटेड एअरलाइन्सचं उदाहरण घेऊ, कारण न्यू जर्सीतल्या मराठी घरांत या कार्डांची चर्चा दिवाळीच्या फराळाइतकी चालते. युनायटेडमध्ये पाय पसरायला जरा जास्त जागा असलेल्या सीट असतात, ‘इकॉनॉमी प्लस’. साध्या प्रवाशानं त्यासाठी पैसे मोजायचे. सिल्व्हर स्टेटसवाल्याला त्या फुकट, पण चेक-इनच्या वेळी, म्हणजे उरल्या असतील तर. गोल्डवाल्याला मात्र तिकीट काढतानाच. गोल्डसोबत एका जोडीदाराला हा लाभ मिळतो, त्यावरच्या पायऱ्यांना आठ जणांपर्यंत. म्हणजे कार्डाचा रंग बदलला की तुमचा रुमाल कित्येक आठवडे आधी खिडकीतून आत पडतो. आणि प्लॅटिनमवाला एकटा नाही, अख्खं वऱ्हाड बसवतो.

आपल्याकडे तपशील वेगळे, तर्क तोच. पायरी जितकी वर, तितकी पुढची सीट कमी पैशात किंवा फुकट, आणि तितकी आधी.

आता त्या राखाडी फुलीकडे येऊ. मावसभावाला वाटलं, फुली म्हणजे सीट गेली. तसं नेहमी नसतं. फुलीच्या मागं निदान तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक, ती खरोखर कुणीतरी घेतली आहे. दोन, कंपनीनं ती अडवून ठेवली आहे: तान्हं बाळ असलेल्या प्रवाशासाठी, व्हीलचेअरवाल्यासाठी, विमानतळावरच्या कर्मचाऱ्यांच्या हाताशी असावी म्हणून. तीन, ती वरच्या पायरीवरच्या सदस्यांसाठी राखून ठेवली आहे आणि त्यांच्या पडद्यावर ती हिरवी दिसते. एकच विमान, एकच क्षण, दोन माणसांचे दोन मोबाइल, आणि नकाशे वेगळे. राखून ठेवलेल्यातल्या काही सीट प्रवासाच्या एक-दोन दिवस आधी मोकळ्या होतात, काही अगदी काउंटरवर. म्हणून कधी कधी महिनाभर आधी तिकीट काढणाऱ्याला ‘खिडकी नाही’ दिसतं आणि आदल्या रात्री चेक-इन करणाऱ्याला मिळून जाते.

एसटीतली पाटी आणि ही फुली यांत फरक आहे तो इथं. पाटी सांगते कुणासाठी राखीव. फुली फक्त सांगते, तुझ्यासाठी नाही.

याची दुसरी बाजूही ऐकायला हवी. कंपन्या म्हणतात, तिकीट स्वस्त ठेवायचं तर बाकीच्या सोयींचे पैसे वेगळे घ्यावे लागतात. ज्याला खिडकी-बिडकी काही फरक पडत नाही, त्यानं इतरांच्या खिडकीचा भार का उचलायचा? मला हे पटतं. हॉस्टेलवरून घरी जाणाऱ्या पोराला चारशे रुपये वाचले तर तो टॉयलेटशेजारच्या सीटवरही आनंदानं बसेल. मी बसलोय. आणि आठवड्यातून दोनदा उडणाऱ्या माणसाला एखादी बरी सीट मिळाली तर पोटात दुखायचं कारण नाही. नेहमीच्या गिऱ्हाइकाला किराणावालाही मूठभर शेंगदाणे जास्त टाकतो.

पण किराणावाला ते शेंगदाणे माझ्या पुडीतून काढत नाही. इथं विमानातल्या सीट मोजून १८०. एकाला चांगली दिली की दुसऱ्याची गेली.

शिवाय हे नेहमीचं गिऱ्हाईक कोण, तेही बघा. माझ्या त्याच मावसभावाला दीड वर्षानं दुसरा प्रोजेक्ट मिळाला. क्लायंट दिल्लीकडचा. महिन्यातून दोन-तीन फेऱ्या. तिकीट कंपनीचं, हॉटेल कंपनीचं, टॅक्सी कंपनीची. मैल मात्र त्याच्या नावावर. वर्ष संपायच्या आत त्याचं कार्ड वरच्या पायरीवर गेलं. आता तो तिसऱ्या-चौथ्या रांगेत वाटेकडची सीट घेतो, एक रुपया न देता. तो स्वतःच हसत म्हणाला, ‘पगार कमी होता तेव्हा सीटचे पैसे मागत होते. आता पगार वाढला तर फुकट देतात.’

यात त्याची निष्ठा कुठं आहे? विमान निवडतो त्याच्या ऑफिसचा ट्रॅव्हल डेस्क. म्हणजे निष्ठा ऑफिसच्या पैशांची, आणि खिडकी साहेबांची. स्वतःच्या खिशातून, वर्षातून एकदा, लग्नाला नाहीतर दवाखान्याला म्हणून उडणारा माणूस कितीही निष्ठावान असला तरी पहिल्या पायरीवरच राहणार. त्यात गेल्या काही वर्षांत नियम आणखी बदललेत. आधी किती मैल उडालात हे मोजायचे, आता किती रुपये खर्च केलेत हे मोजतात. एअर इंडियानं २०२४ मध्ये आपला कार्यक्रम खर्चावर आधारित केला. अमेरिकेत डेल्टानं सप्टेंबर २०२३ मध्ये स्टेटस फक्त खर्चावर द्यायचं जाहीर केलं, तेव्हा जुने सदस्य इतके भडकले की कंपनीच्या प्रमुखांना ‘आम्ही जरा जास्तच केलं’ अशी कबुली देऊन काही बदल मागं घ्यावे लागले. शिवाय क्रेडिट कार्ड आहेतच. कार्डावर किराणा भरूनही पॉइंट जमतात. पण ते कार्ड मिळायला पगाराची स्लिप लागते. हळदीच्या पट्टीवर ते मिळत नाही.

सीटचे पैसे हा आता भुरटा धंदा राहिलेला नाही. अमेरिकी सिनेटच्या एका चौकशी उपसमितीनं नोव्हेंबर २०२४ मध्ये अहवाल दिला. त्यानुसार अमेरिकन, डेल्टा, युनायटेड, स्पिरिट आणि फ्रंटियर या पाच कंपन्यांनी २०१८ ते २०२३ या काळात नुसत्या सीटच्या शुल्कातून १२.४ अब्ज डॉलर कमावले. जागा तीच, खुर्ची तीच, विमान तेच. विकलं काय, तर मधे बसायची भीती.

ही भीती मुद्दाम तयार केली जाते का, हा प्रश्न ब्रिटनमध्ये गाजला होता. रायनएअर या स्वस्त कंपनीत एकत्र तिकीट काढलेल्यांना मुद्दाम लांब लांब बसवतात अशी ओरड होती. २०१७ मध्ये बीबीसीच्या ‘वॉचडॉग’ कार्यक्रमानं चार-चार जणांचे गट वेगवेगळ्या विमानांत बसवून बघितले. सीटचे पैसे न भरलेल्या त्या सगळ्यांना मधलीच सीट मिळाली. ऑक्सफर्डच्या संख्याशास्त्रज्ञानं हिशेब मांडला: हे निव्वळ योगायोगानं घडण्याची शक्यता सुमारे ५४ कोटींत एक. कंपनीनं आरोप नाकारला, वाटप यादृच्छिकच होतं असं सांगितलं. स्टॅटिस्टिक्स शिकणाऱ्यांनी प्रोबॅबिलिटीच्या तासाला हे उदाहरण सरांना जरूर विचारावं. कंपनीच्या बाजूनं एक साधा खुलासा शक्य आहे: खिडक्या आणि वाटेकडच्या सीट पैसे भरणाऱ्यांसाठी आणि स्टेटसवाल्यांसाठी मागं ठेवल्या, तर फुकटवाल्यांच्या लॉटरीत मधल्याच चिठ्ठ्या उरतात. लॉटरी प्रामाणिक असते हो. फक्त डब्यात चिठ्ठ्या कुठल्या टाकल्या, ते कुणी दाखवत नाही.

आपल्याकडे सरकारनं काय केलं? २०१३ मध्ये विमान वाहतूक महासंचालनालयानं, म्हणजे डीजीसीएनं, तिकिटापासून काही सोयी वेगळ्या काढून त्यांचे पैसे घ्यायला परवानगी दिली. पसंतीची सीट ही त्यातलीच एक. नोव्हेंबर २०१८ मध्ये इंडिगोनं सांगितलं की वेब चेक-इन करताना सगळ्याच सीटना पैसे लागतील. ट्विटरवर रान पेटलं, मंत्रालयानं ‘आम्ही तपासतो’ म्हटलं, आणि कंपनीनं खुलासा केला की विमानतळावर जाऊन चेक-इन केलं तर पैसे न देता सीट मिळेल. जानेवारी २०२४ मध्ये त्याच कंपनीचा सगळ्यात पुढच्या रांगेतल्या खिडकीचा दर दोन हजार रुपयांपर्यंत गेला. एप्रिल २०२४ मध्ये डीजीसीएनं एक चांगली गोष्ट केली. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच बुकिंगमधल्या आई, वडील किंवा पालकांपैकी निदान एकाच्या शेजारी बसवायचं, असं कंपन्यांना बजावलं. म्हणजे त्याआधी पोरांनाही वेगळं बसवण्याचे प्रकार होत होते, हे उघडच आहे. हे नियम सारखे बदलत असतात, म्हणून बुकिंगच्या दिवशी काय चालू आहे ते बघत चला.

मावशी मात्र बारा वर्षांची नाही. पहिल्यांदाच विमानात बसणारी, हिंदी न बोलणारी पन्नाशीची बाई कुठल्याच नियमात बसत नाही.

इथं रेल्वेशी तुलना केल्याशिवाय राहवत नाही. रेल्वेत साठीच्या पुढचे पुरुष, ४५ वर्षांवरच्या महिला आणि गर्भवती यांच्यासाठी खालच्या बर्थचा कोटा असतो. वेगळे पैसे नाहीत. वय टाकलं की यंत्रणा शक्य असेल तर खालचा बर्थ देते. आमच्या मावशीला रेल्वेच्या हिशेबात खालचा बर्थ बसतो. विमानाच्या हिशेबात ती ‘स्किप केलेली’ प्रवासी. रेल्वेतही वशिल्याचा कोटा आहे, खासदारांच्या पत्रावर बर्थ पक्के होतात, ते काही सोवळं नाही. पण तिथं निदान गुडघे दुखणाऱ्यांचाही एक कोटा आहे.

गंमत म्हणजे आपल्या जवळच्या विमानतळावर हा सगळा खेळ जरा वेगळा चालतो. २७ एप्रिल २०१७ रोजी ‘उडान’ योजनेची पहिली विमानं निघाली, त्यांत शिमला–दिल्ली आणि कडप्पा–हैदराबाद यांच्यासोबत नांदेड–हैदराबादही होतं. ट्रूजेटचं छोटं एटीआर विमान. त्या योजनेचा नियम असा की विमानातल्या साधारण निम्म्या सीट ठरवून दिलेल्या कमाल भाड्यात विकायच्या. सुरुवातीला तासाभराच्या प्रवासाला २,५०० रुपये. म्हणजे सरकारनंही सीट राखीव ठेवल्या, पण वारंवार उडणाऱ्यासाठी नाही, तर कधीच न उडालेल्यासाठी. हवाई चप्पल घालणारा विमानात बसावा, ही त्यामागची तेव्हाची घोषणा.

एटीआरमध्ये तर पुढच्या सीटचा तोराही चालत नाही. त्याचं प्रवाशांचं दार मागं असतं. पुढं बसलेला सगळ्यात शेवटी उतरतो. मार्च २०२४ च्या शेवटी नांदेडहून स्टार एअरची विमानं सुरू झाली. त्यांचं एम्ब्राएर १७५ हे विमान ७६ सीटचं, त्यात १२ बिझनेस आणि ६४ इकॉनॉमी. इकॉनॉमीत वाटेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन सीट. म्हणजे खिडकी नाहीतर वाट. मधली सीटच नाही! स्टेटस असो-नसो, मावशी या विमानात बसली असती तर तिच्या एका बाजूला तरी मोकळं असतं. लहान विमानात आणखी एक गोष्ट होते. तोल सांभाळायला कधी कधी कर्मचारी लोकांना उठवून पुढं-मागं बसवतात. तिथं प्लॅटिनम कार्ड दाखवून उपयोग नाही, गुरुत्वाकर्षण कुठल्याच क्लबचं सदस्य नसतं.

अडचण एवढीच, की नांदेडची सेवा सुरू होते, बंद पडते, पुन्हा सुरू होते. ट्रूजेट गेली तेव्हा विमानतळ ओसच पडला होता. हजूर साहिबच्या यात्रेकरूंमुळे पंजाबकडचं विमान मिळतं, पण आपल्या कॉलेजच्या पोरांना हवं ते शहर, हवी ती तारीख मिळेलच असं नाही. मग हैदराबाद, छत्रपती संभाजीनगर नाहीतर नागपूर. आणि तिथं पुन्हा तीन-तीनची रांग.

मग करायचं काय? माझं मत विचाराल तर सीटचे पैसे बंद करा असं मी म्हणणार नाही. ते तिकिटात मिसळून परत आपल्याच खिशातून जातील. मला हवी आहे ती पाटी. प्रत्येक नकाशावर दिसू द्या: ही सीट विकली गेली, ही अडवलेली आहे, ही सदस्यांसाठी राखून ठेवली आहे आणि अमुक वाजता मोकळी होईल. विमान सुटायला ४८ तास असताना फुकटच्या सीट किती उरल्यात, तो आकडा लिहा. हे करायला नवं सॉफ्टवेअर लागत नाही, माहिती कंपनीच्या पडद्यावर आहेच. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. ग्राहकाला पडद्यावर फसवण्याचे तेरा प्रकार त्यात आहेत: खोटी घाई दाखवणं, गुपचूप टोपलीत वस्तू टाकणं, नको म्हणणाऱ्याला लाजवणं. बारीक अक्षरातलं ‘स्किप’ आणि मोठ्या रंगीत अक्षरातलं ‘सीट निवडा’ या प्रकारांच्या किती जवळ जातं, हे कायदा शिकणाऱ्या कुणीतरी तपासायला हरकत नाही. प्रोजेक्टला विषय शोधताय ना?

तोवर आपण आपली हुशारी वापरायची. घरच्यांचं तिकीट एकाच बुकिंगमध्ये काढा, वेगवेगळं काढलं तर यंत्रणेला तुम्ही एकत्र आहात हे कळतच नाही. तिघांच्या सीट विकत घ्यायला परवडत नसेल तर एकच घ्या, जो पहिल्यांदा बसणार आहे त्याची. वेब चेक-इन उघडलं की त्याच मिनिटाला बघा आणि आदल्या रात्री पुन्हा बघा, फुल्या हललेल्या असतात. काउंटरवर गेलात तर अडचण सांगा, ‘आई पहिल्यांदाच बसतेय, हिंदी बोलत नाही.’ सांगायला लाजू नका. काउंटरवरच्या माणसाच्या हातात काही सीट असतात, आणि तोही कुठल्यातरी गावाचाच असतो. विमानात चढल्यावर शेजाऱ्याला विचारता येतं, पण त्याची मधली सीट देऊन खिडकी मागू नका. वाटेकडची देऊन खिडकी मागा, निदान सौदा तरी होतो.

आणि तुमच्यापैकी जे उद्या त्या वरच्या पायरीवर जाणार आहात, बहुतेक जण जाल, त्यांनी आपल्या कार्डावर सोबत किती जण बसतात ते एकदा नीट वाचून ठेवा. लोक लाउंजमधल्या डोशाचे फोटो टाकतात, हा नियम वाचत नाहीत.

मावसभावानं तो गेल्या महिन्यात वाचला. दिवाळीनंतर आईबापाला पुन्हा बंगळुरूला न्यायचं आहे. त्याच्या पायरीवर त्याच्यासोबत एकालाच फुकट सीट मिळते. दुसऱ्याचे पैसे भरावे लागणार. ओसरीत बसून मोबाइलवर नकाशा उघडला तेव्हा काका म्हणाले, ‘तिला दे खिडकी. मी मधी बसतो, मला काय ढग बघायचेत?’ मावशी भाजी निवडत होती. ती म्हणाली, ‘ते खिडकीचं झाकण लावायचं का उघडं ठेवायचं, ते कोण ठरवतंय रे?’

‘खिडकीत बसतो तो.’

‘मग काढ.’